दोन घास

डॉक्टर माधवींनी केसपेपरच्या मागे पेनाने गर्भाची पिशवी काढली आणि तिच्या खालच्या बाजूला एक आडवी रेघ मारली. "हा तुझ्या सिझरचा जुना व्रण. गर्भ नेमका यातच रुजलाय. इथली भिंत पार पातळ झालीय. वाढू दिला तर फाटेल, आणि मग तू आमच्या हाती लागायची नाहीस."

कोमल त्या रेघेकडे बघत राहिली. दुसऱ्या बाळासाठी तिने चार वर्षं वाट पाहिली होती. आणि हा पठ्ठ्या अख्खी पिशवी मोकळी सोडून नेमका त्या रेघेवर येऊन बसला. वेंधळेपणात आईवर गेला, असं मनात येऊन तिला हसू आलं आणि लगोलग डोळे भरले.

"खालून ओढून काढता येतं, पण तुझ्या बाबतीत रक्त आवरायचं नाही. म्हणून दुर्बिणीतून करू. गर्भ काढायचा, जुना व्रण कापायचा, नवे टाके घालायचे. पुढच्या खेपेला धोका कमी. मात्र रक्त थांबलंच नाही, तर पिशवी काढावी लागेल. त्याचीही सही लागते."

"पन बाळाचं ठोकं चालू हायेत न्हवं?"

"आहेत," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "म्हणूनच थांबता येत नाही."

कोमलने सही केली. नवऱ्यानेही केली आणि तो रक्ताची सोय करायला गेला. ऑपरेशन सकाळी दहाचं ठरलं.

साडेनऊला नवलाख उंबरे गावाहून सासू, लीलाबाई, डबा घेऊन आल्या. त्यांच्या घरून कुणी उपाशी जाईल तर शपथ. मीटर बघायला आलेला माणूससुद्धा भाकरी खाल्ल्याशिवाय सुटत नसे. डब्यात तांदळाची भाकरी होती आणि सुकटीची चटणी. आठ दिवस कोमलला तिचेच डोहाळे लागले होते.

झाकण उघडताच वासाने कोमलच्या तोंडाला पाणी सुटलं. तिने झाकण परत लावलं.

"आत्या, आज न्हाई चालत. भूल द्यायचीय. रात्रीपास्नं पानी बी बंद हाय."

लीलाबाई स्टुलावर बसल्या. डबा मांडीवर घेत म्हणाल्या, "ठोकं हायेत आजून?"

"हायेत."

दहाला पाच कमी असताना भुलीचे डॉक्टर आले. "पोट रिकामं आहे ना?"

कोमल मान हलवणार तोच लीलाबाई उठल्या. "न्हाई. म्याच चारलं. दोन घास. आत्ताच."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. डॉक्टर माधवी धावत आल्या. त्यांनी बीपी पाहिलं, पोट दाबून पाहिलं. "रक्त जात नाहीये, कळ नाहीये, म्हणून सहा तास थांबते. चार वाजता घेऊ. जरा दुखलं तरी लगेच सांगायचं, मग मी थांबणार नाही. आजी, काय केलंत हे?"

नर्स बोलली, कोमलचा नवरा फोनवरून आईला बोलला, शेजारच्या खाटेवरच्या बाईनेही हात धुऊन घेतले. लीलाबाईंनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

सगळे गेल्यावर कोमल हळू आवाजात म्हणाली, "आत्या, खोटं का बोललात? मी तर डब्याला हात बी लावला न्हाई."

लीलाबाईंनी डबा उघडला. अख्ख्या भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर चिमूटभर चटणी ठेवली.

"आता लाव," त्या म्हणाल्या. "चार वाजंपतूर तुज्यापाशीच हाय त्यो. उपाशी नगं धाडू."