डाव्या हाताची फुली
रविवारी बाळाला मूळपुरुषाचं नाव द्यायचं होतं, म्हणून सासू सुनेला घेऊन अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या जुन्या दप्तरांच्या कचेरीत घराण्याची जुनी खरेदीखतं शोधायला आली होती. "सापडलं! वाच मोठ्यानं," सासू म्हणाली. "पावणेतीनशे वर्षांपूर्वी आमच्या मूळपुरुषानं, एलायफसनं, गिरणी उभारली!" सून वाचू लागली. गिरणीसाठी त्याला बायकोची माहेरची जमीन विकायची होती. न्यायाधीशांनी तिला रिवाजाप्रमाणे नवऱ्यापासून बाजूला नेऊन विचारलं, राजीखुशीनं विकतेस का? ती म्हणाली, नाही. महिन्याभरानं पुन्हा विचारल्यावर होकार. खाली सहीच्या जागी वाकडी फुली, शेजारी कारकुनाची टीप: उजव्या हाताची बोटं मोडल्यानं डाव्या हातानं. सुनेला चौकटीवर दाबून धरलेली बोटं दिसली, त्यांच्यावर पुन्हापुन्हा आपटणारं दार दिसलं. "घोड्यावरून पडली असेल गं." "नुसत्या बोटांवर, आई?" सासूनं दफ्तर मिटलं. "असो. बाप्तिस्म्याच्या चांदीच्या पेल्यावर नाव कोरून झालंय." "मग पेला वितळवा," सून म्हणाली.