खड्यातले गुरुवार

हेरंबरावांच्या मूत्रपिंडातून काढलेला खडा यंत्राखाली होता. झाडाच्या खोडातल्या कड्यांसारखे त्याचे थर मोजून, माणसाने कोणत्या दिवशी काय खाल्लं ते यंत्र सांगायचं. तपासणाऱ्या मुलीने हेरंबरावांच्या बायकोला, कुमुदिनीला, वाचून दाखवलं.

"लोणचं, पापड, पालक, पाणी कमी. खडा रोज वाढलाय. फक्त गुरुवारी नाही, काकू. त्या दिवशी भाकरी, दुधी, भरपूर लिंबूपाणी, मीठ बेताचं."

"आणि साबुदाणा?"

"एकाही गुरुवारी नाही."

दर गुरुवारी उपास म्हणून हेरंबराव मठात खिचडी खाऊन यायचे. निदान तसं सांगायचे.

कोण होती ती? कुमुदिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा तिच्याकडे जेवतो हे एक वेळ गिळता आलं असतं. पण तीस वर्षं हौसेने वाढलेल्या ताटाने खडा वाढवला, आणि त्या बाईच्या ताटाने तो थोपवला!

सोमवारी ताटात पापड नव्हता, लोणचं नव्हतं. शेजारी लिंबूपाण्याचा तांब्या होता.

घोट घेता घेता हेरंबराव थबकले. "आज सोमवार ना?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

कुमुदिनीने पेला पुन्हा काठोकाठ भरला.

"प्या. आजपासून या घरात रोज गुरुवार."