वेगळं दार

चाकाच्या खुर्चीत थोरली मुलगी आणि कडेवर धाकटा, अशी आई आकाशपाळण्यापाशी पोचली तेव्हा तिचा जीव मेटाकुटीला आला होता. दारावरच्या माणसाने खुर्ची पाहिली आणि बाजूचं वेगळं दार उघडून दिलं.

झालं! रांगेतल्या गॉगलवाल्या बाईचा तिळपापड झाला. "आम्ही काय वेडे म्हणून उन्हात उभे आहोत? पोरीला खुर्चीत बसवलं की मिळालं आयतं पुढे जायला!" सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती नवऱ्याला म्हणाली. थोरलीने मान खाली घातली. आईने खुर्ची आत ढकलली.

दुपारी पाण्याच्या नळापाशी त्याच बाईशी गाठ पडली. आता तिच्या जिभेवर साखर होती. "ताई, तुमच्या मुलीला जरा वेळ आमच्याबरोबर पाठवता का? पुढच्या राइडला भलतीच रांग आहे हो. तिच्यासोबत आम्हालाही त्या दारातून सोडतील."

आईने तिला नखशिखांत न्याहाळलं आणि कडेवरचा धाकटा तिच्यापुढे धरला.

"ती नाही मिळायची. याला न्या. आत्ताच चड्डीत शी केलीय त्याने, रांग आपोआप मोकळी होईल."