मागून निघालेली आज्ञा

“कॅमेरा बंद करायची आज्ञा सोडा,” साहेब म्हणाले. “आत्ता. माझ्यासमोर.”

“हो, साहेब,” काका म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

ती दारातच थांबली. नऊ वाजल्यापासून साहेबांच्या केबिनमध्ये भांडून भांडून तिचा घसा बसला होता. भिंतीवरच्या घड्याळात नऊ पस्तीस झाले होते. फोटो काढायची आज्ञा नऊ चाळीसच्या आत सुटली नाही, तर सगळंच फुकट. कॅमेरा ज्या अवकाशयानावर होता, ते फार लांब होतं. इथून निघालेला शब्द तिथे पोचायला चार तास लागत. दुपारी एक ते दोनच्या मध्ये यान त्या ठिपक्याजवळून जाणार होतं, आणि मग पुन्हा कधीच नाही.

ठिपका तिचा होता. एकोणीस वर्षांपूर्वी, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं तेव्हा, यानानं पाठवलेल्या एका फोटोत ग्रहाच्या कडेला तिला तो दिसला होता. चंद्र आहे, ती म्हणाली. लेन्सवरची धूळ आहे, साहेब म्हणाले, आणि तसा अहवाल लिहून मोकळे झाले. तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत तिचं नाव पडलं धूळबाई. ती कुढत बसली नाही. ठिपक्याची वाट कागदावर आखत राहिली. आज तिथे खरंच चंद्र असेल, तर फोटोत मुठीएवढा दिसणार होता. नसेल, तर नुसता काळोख.

“साहेब, वीस मिनिटांचं काम आहे,” ती म्हणाली. “तेवढ्यानं काय बिघडतं?”

“यान म्हातारं झालंय, मॅडम. उरलीसुरली वीज तुमच्या धुळीवर उधळायची नाही.”

“मग धूळच निघू दे ना. तुम्हाला कसली भीती वाटते?”

साहेबांनी काकांच्या टेबलावर बोटांनी टकटक केली.

काकांनी आज्ञा टाइप केली, एकदा वाचली, बटण दाबलं. “गेली, साहेब.”

तिला साहेबांपेक्षा काकांचाच जास्त राग आला. एकतीस वर्षं या खुर्चीत बसून या माणसानं कुणाला नाही म्हणून म्हटलं नव्हतं. सगळं ऑफिस त्यांना पाठीमागे होयबा म्हणायचं. यान उलट्या पावली घरी बोलवा म्हटलं असतं, तरी ते हो म्हणून कामाला लागले असते. निवृत्तीला चार महिने उरलेले. आता कुठून ताठ होणार होते?

काकांनी नोंदवही पुढे सरकवली. सुटलेल्या प्रत्येक आज्ञेपुढे अधिकाऱ्याची सही लागत असे.

“सही, साहेब. दोन ठिकाणी.”

“दोन कशाला?”

“दोन आज्ञा गेल्यात.”

साहेबांनी वही ओढून घेतली. तिनं त्यांच्या खांद्यावरून वाचलं. खालच्या ओळीत होतं, नऊ सदतीस, कॅमेरा बंद. वरच्या ओळीत, त्याच सुबक अक्षरात, नऊ दहा, फोटो काढणे.

नऊ दहाला ती केबिनमध्ये होती. तिचा आवाज भिंतीपलीकडे या खोलीत येत असणार.

“रद्द करा ती,” साहेब म्हणाले.

“हो, साहेब.” काकांनी तेही टाइप केलं. तेही वाचलं. बटण दाबलं. “गेली. पण ही मागून निघाली. फोटोची आज्ञा अर्धा तास पुढे आहे, आणि सगळ्यांचा वेग एकच. बंद करायची आज्ञा पोचेल तोवर यानाचं काम उरकलेलं असेल. या रस्त्यावर कुणाला कुणाच्या पुढे जाता येत नाही.”

साहेबांनी वही दूर लोटली.

“वरच्या ओळीवर मी सही करणार नाही,” साहेब म्हणाले. “चौकशी लावीन. निवृत्तीच्या तोंडावर घरी बसाल.”

“हो, साहेब.”

साहेब पेन टाकून निघून गेले. पेन घरंगळत टेबलाच्या कडेशी थांबलं. तिनं ते उचललं आणि वरच्या ओळीपुढे सही ठोकली. ठळक, चौकट भरून. तसा अधिकार तिलाही नव्हता.

संध्याकाळी सहाला फोटो पडद्यावर उतरायला लागला. वरून खाली, एकेक रेघ. काळी, काळी, पुन्हा काळी. मग एक उजळ कड आली. कडेमागून बटाट्यासारखा वेडावाकडा दगड आला, एका अंगानं उजेडात, अंगावर तीन खड्डे. दारात माणसं गोळा झाली होती. सकाळपर्यंत धूळबाई म्हणणारेही होते. तिनं रुमाल काढला आणि सगळ्यांदेखत पडदा चांगला घासून पुसला. चंद्र जागचा हलला नाही.

सातच्या सुमारास साहेब आले. बाहेर त्यांचा फोन सारखा वाजत होता. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

“सकाळचं विसरून जा. अहो, यश शेवटी सगळ्यांचंच असतं. वरच्या ओळीवर माझी सही घेऊन टाकू, म्हणजे फोटो माझ्या परवानगीनं निघाला असं होईल. चौकशी नको, तुमच्या निवृत्तीलाही धक्का नको. यांची सही तेवढी खोडा.”

ती काकांकडे पाहत राहिली. ते वाकून पेन शोधतील, असंच तिला वाटलं. आणि या खेपेला तिनं त्यांना दोषही दिला नसता.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग वही मिटली आणि वहीच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला.

“नाही, साहेब.”