गेटोच

राजदूताची गाडी विमानतळावरून अदिस अबाबाकडे निघाली, तेव्हा वोंदिमू पुढच्या सीटवर स्वतःच्याच जिभेवर पहारा देत बसला होता. सकाळी कोटाची बटणं लावून देताना त्याच्या बायकोने, आस्नाकेचने, बजावलं होतं, "अहो, राजवाड्यातल्या दुभाष्यांपैकी तुम्ही एकटेच उरलाय. तेही फ्रेंच दुसऱ्या कुणाला येत नाही म्हणून. तेव्हा आज तोंड सांभाळा."

बादशहाला गादीवरून ओढून वर्ष होत आलं होतं. नवा राजदूत मात्र लग्नाला आल्यासारखा खुशीत होता. क्रांती झालेल्या देशात आलोय, तर त्यांच्या भाषेतला एखादा शब्द बोलावा, अशी त्याला हौस.

"वोंदिमू, मोठ्या माणसाला तुमच्यात आदराने काय म्हणतात?"

"गेटोच," वोंदिमू म्हणाला.

सवयीने निघून गेला शब्द. गेटोच म्हणजे सरकार, मायबाप. ज्यांना असं म्हणायचे त्यांना गोळ्या घातल्या होत्या, आणि म्हणणाऱ्यांची यादी अजून संपली नव्हती.

"नाही, नाही, चुकलो! ग्वाद म्हणायचं. ग्वाद, म्हणजे साथी. तो पहिला विसरा. अगदी विसरून जा."

"ग्वाद," राजदूताने शब्द तोंडात घोळवला. "पण पहिला गोड होता हो."

बादशहाच्या दिवाणखान्यात आता सत्तेवर आलेल्या लष्करी समितीचा कॅप्टन शिबेशी बसत असे. वय तिशीच्या आत, कमरेला पिस्तूल. त्याने हात पुढे केला. राजदूत अदबीने झुकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गेटोच."

कॉफी ओतणाऱ्या बाईचा हात थबकला. कॅप्टन मात्र खो खो हसला. "ऐकलंत का? मला सरकार करून टाकलं!" तो हसला म्हणून सगळे हसले. मग तो वोंदिमूकडे वळला. "विचार त्याला, हा शब्द कुणी शिकवला?"

 इथे फ्रेंच फक्त दोघांनाच कळत होतं. वोंदिमूने राजदूताला शांतपणे विचारलं, "कॅप्टन विचारतायत, प्रवास कसा झाला?"

राजदूताचा चेहरा फुलला. "उत्तम!" त्याने वोंदिमूच्या खांद्यावर हात ठेवला आणि मायेने थोपटलं. "सगळं यांच्यामुळे."

वोंदिमूने भाषांतरासाठी तोंड उघडलं.

"राहू दे," कॅप्टन म्हणाला. "कळलं. हाताने पण कळतं की! दुभाषी लागतोच कशाला?" मग दाराजवळच्या सैनिकाला तो म्हणाला, "पाहुण्यांची कॉफी होऊ दे. मग याला मागच्या दाराने न्या."

"काय म्हणाले?" राजदूताने विचारलं.

खरं सांगावं? पण ऐकताच राजदूताचा चेहरा बदलला असता, आणि आस्नाकेच घरी एकटी होती.

"निवांत कॉफी घ्या म्हणाले."

राजदूताने पहिला कप संपवला आणि तो उठू लागला. वोंदिमू घाईने म्हणाला, "साहेब, आमच्याकडे तीन कप घेतात. एकावर उठलं तर अपमान होतो." राजदूत बसला. दुसरा कप त्याने भराभर प्यायला. बाईने तिसऱ्याची तयारी मांडली. ती बिचारी मुद्दाम सावकाश करत होती.

"आता पुरे हो. झोपच लागायची नाही."

"तिसरा आशीर्वादाचा असतो, साहेब. कृपा करून घ्या." वोंदिमूचा आवाज कापला.

राजदूताला त्याचं कौतुक वाटलं. केवढा अभिमान या माणसाला आपल्या रीतींचा! "पुढच्या वेळी नक्की," तो म्हणाला आणि उठला.

कॅप्टनही उठला. सैनिकाने वोंदिमूचा दंड धरला. बाई भरलेला कप हातात घेऊन तशीच उभी होती.

दारापर्यंत गेलेल्या राजदूताला काहीतरी आठवलं. आभार मानायचे राहिलेच होते. तो वळला, आणि आता नीट पाठ झालेला तो शब्द त्याने दिवाणखान्याच्या पार दुसऱ्या टोकाला, वोंदिमूला उद्देशून, प्रेमाने म्हटला. "गेटोच!"

वोंदिमू कमरेत वाकला, राजवाड्यात वाकायचा तसाच, खोल. त्याच्या दंडाला धरून उभा असलेला सैनिकही त्याच्याबरोबर थोडा वाकला.