मावंदं

नोकरी गेल्यावर रूपेशने चारचौघांसारखं रडायचं सोडून बुलेट काढली आणि करंजाड्याहून एकटाच थेट स्पितीच्या डोंगरांत निघाला. कशाला? तर स्वतःला शोधायला. घरी सापडायची शक्यता नव्हती. तिथे आई होती.

"नोकरीचं कोनाला बोलू नको," आईने, गोजराबाईंनी, फोनवर बजावलं. "भाविकाच्या घरी समजलं तर जमलेलं लगीन मोडंल. मी सगल्यांना सांगितलंय, पोरगा केदारनाथला गेलाय."

महिन्याभराने रूपेश रापलेला चेहरा आणि छातीपर्यंत पोचू पाहणारी दाढी घेऊन परतला. गेटवर आरतीचं ताट तयार! आईने यात्रा सुफळ झाल्याचं मावंदं घातलं होतं, पुरणपोळीची पंगत होती. अख्खी सोसायटी रांगेने त्याच्या पाया पडली. तोही डोळे मिटून आशीर्वाद देत सुटला. लग्न वाचलं म्हणायचं!

शेवटी भाविकाचे वडील नामदेवशेठ आले. भक्तिभावाने पाया पडले, मग गोजराबाईंना हळूच बाजूला घेऊन म्हणाले,



"वयनी, नोकरी गेली असती तरी पोरगी दिली असती. साधूला कशी देनार?"