नवसाचे केस

केमोनंतर उगवलेले केस पांढरे अन् कुरळे निघाले, तशी बेबीबाई घाबरली. पोरीचं, डिंपलचं लग्न जमेपर्यंत कॅन्सरचं नाव घराबाहेर जाऊ द्यायचं नाही, असं ठरलं होतं. म्हणून केस गेले तेव्हा तिनं साऱ्या कोंढा गावात सांगून टाकलं होतं, "पोरीसाठी बालाजीले केस देऊन आली." आता देवाला दिलेले केस काही रंग अन् वळण बदलून परत येत नसतात.

तिनं अड्याळचं पार्लर गाठलं. काळा रंग लावता लावता पार्लरवाली पोरगी म्हणाली, "काकू, इतके मऊ काहून जी केस?"

"नवसाचे आहेत, बाई."

रंगवलेले, सरळ करून कानामागे बसवलेले केस घेऊन ती गावात उतरली, तर बाया पाहतच राहिल्या. पुढच्याच महिन्यात डिंपलचं लग्न जमलं. "तुले देव पावला," जो तो म्हणू लागला. बेबीबाईलाही हायसं वाटलं.

मग एका दुपारी शेजारची जमुना आली. तिनं दार लोटलं अन् बेबीबाईचा हात धरून आपल्या छातीशी नेला. तसली गाठ बेबीबाईची बोटं चांगली ओळखत होती.

"जमुना, डाक्टरकडे चाल. आत्ताच चाल."

"डाक्टर कायले?" जमुनानं हसत डोक्यावरचा पदर खाली घेतला. डोकं गुळगुळीत होतं.


"तुह्याच देवाले केस देऊन आली."